तीस प्रतींचं पान

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. चांगलंही बोलणार आहे, कारण तेही खरं आहे, आणि अर्धंच खरं सांगितलं की पुढे काय होतं हे मी भोगून बसले आहे.

जुळारीकाका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, डाव्या हातातल्या पट्टीत उलटं रचायचं, ओळ भरली की पुढची ओळ. अंगाने किडकिडीत, पाठीत जरासे वाकलेले. शर्टाची डावी बाही नेहमी नीट दुमडलेली आणि उजवी नेहमी सुटलेली. कुणी हसलं तर म्हणायचे, "डावा हात पट्टीत अडकलेला, मग उजवी बाही दुमडणार कोण?" घरात दुसरं कुणी नव्हतं, हे त्या उत्तरात आलंच.

छापखान्यातून एक साप्ताहिक निघायचं. आठ पानांचं, साडेतीन हजार प्रतींचं. त्यातलं सहावं पान तेरा ते एकोणीस वयाच्या मुलांचं. पानाचं नाव 'नवी लेखणी'. मालकांनी ते कधीतरी हौसेने सुरू केलं आणि मग मुलांची गिचमिड अक्षरं वाचायचा कंटाळा आला म्हणून काकांच्या गळ्यात टाकलं. काकांना ते गळ्यात पडल्यासारखं कधीच वाटलं नाही. तेव्हा आमच्या वयाचं लिखाण छापणार होतं कोण? मोठ्यांच्या मासिकांना आम्ही लहान, लहानांच्या मासिकांना आम्ही घोडे. तिथे ससे आणि पऱ्या, इथे प्रेमभंग आणि पेन्शन. मधल्या वयाला जागा एकच, सहावं पान.

गोष्ट पाठवली की आठव्या दिवशी काकांचं कार्ड यायचं. अक्षर छापल्यासारखं. माझं पहिलं कार्ड मला अजून पाठ आहे: 'गोष्ट मिळाली. तिसऱ्या परिच्छेदात आजोबा वारतात, ते पाचव्यात चहा पितात. बघणे.' गोष्ट नाकारली तरी कार्ड यायचं. एकाही मुलाला उत्तर नाही असं झालं नाही. त्यामागचं कारण त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. पंधराव्या वर्षी त्यांनी एका मोठ्या मासिकाला गोष्ट पाठवली होती आणि वर्षभर पोस्टमनची वाट पाहत दारात उभे राहिले होते. "नाही म्हणाले असते तरी चाललं असतं गं. निदान कोणीतरी वाचलं असं झालं असतं," म्हणाले. तेव्हा मला गहिवरून आलं होतं. आज ते वाक्य आठवलं की दात आवळले जातात.

छापून आलं की टपालाने लेखकाची प्रत यायची, खाकी कागदात गुंडाळलेली. शाळेला हवी असेल तर शाळेलाही एक. आम्ही थेट छापखान्यात गेलो तर ते स्टुलावरून उठून "या, लेखिकाबाई" म्हणायचे. चेष्टा नसायची त्यात. सोळाव्या वर्षी कुणी आपल्यासाठी उठून उभं राहिलं तर माणूस त्याच्यावर आंधळा विश्वास टाकतो. मीही टाकला.

त्यांचा एक नियम होता. एकदा एका शिंप्याच्या दुकानाचा पत्ता पहिल्या पानावर चुकला. मालक म्हणाले, पुढच्या अंकात टाका कुठेतरी कोपऱ्यात, कोण बघतंय. काका अडून बसले. "चूक जिथे छापली, तिथेच दुरुस्ती छापायची. तेवढ्याच मोठ्या अक्षरात." शिंप्याचा पत्ता पहिल्या पानावर आला, मालक आठवडाभर फुगून बसले. मी त्या दिवशी तिथेच होते. तो नियम मी मनात पक्का बांधून ठेवला.

आता माझी लबाडी सांगते.

भिंगरी माझी मैत्रीण. एका जागी पाच मिनिटं बसली तर शपथ, म्हणून हे नाव. दहावीत, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघींनी तिच्या घराच्या जिन्यात बसून एक गोष्ट लिहिली. शिवणाच्या यंत्रावर आयुष्य काढलेली एक बाई आणि तिच्या गिऱ्हाइकांच्या मापांची वही, अशी गोष्ट. सुरुवात माझी होती. शेवट भिंगरीचा. मी पंधरा दिवस डोकं खाजवलं तरी मला शेवट सुचला नव्हता, आणि तिने तो जिन्याच्या कठड्यावर पाय हलवत बसल्या बसल्या सांगितला.

गोष्टीबरोबर एक चिठ्ठी भरून द्यावी लागायची: लेखकाचं नाव, वय, शाळा. नावासाठी एक ओळ. मी माझं नाव लिहिलं. एका ओळीत दोन नावं मावत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. मावत होती. चांगली ऐसपैस ओळ होती.

गोष्ट आली. साडेतीन हजार प्रतींत आली. मुख्याध्यापिकांनी वर्गात वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "शेवट काय सुंदर केलाय हिने." भिंगरी माझ्या शेजारच्या बाकावर होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी उठून दोन शब्द बोलायला हवे होते. मूग गिळून बसले. शाळा सुटल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं तू आत्ता सांगशील." एवढंच. पुढे तीन महिने ती माझ्याशी बोलली नाही आणि मग तिच्या वडिलांची बदली झाली.

शेवटच्या दिवशी सामान ट्रकवर चढत होतं. मी कोपऱ्यावर उभी होते, जवळ जायची हिंमत झाली नाही. पण एक गोष्ट मला माहीत होती. तिचे वडील त्या साप्ताहिकाचे जुने वर्गणीदार. बदली कुठेही होवो, अंक टपालाने त्यांच्यामागे जायचाच.

म्हणून मी दुरुस्ती लिहिली. चांगलं अर्धं पान. ती गोष्ट दोघींची होती, शेवट तिचा होता, नाव मी माझं एकटीचं घातलं आणि गप्प बसले, मला लाज वाटते, असं सगळं सरळ लिहिलं. सात वेळा खाडाखोड केली आणि काकांना पाठवलं. आठव्या दिवशी कार्ड आलं: 'दुरुस्ती मिळाली. छापतो. अशाला धीर लागतो.' महिन्याने खाकी कागदातली प्रत आली. सहावं पान, वर माझं शीर्षक, खाली माझं नाव. मी ते पान हातात धरून रडले. आईला वाटलं नापास झाले.

मग मी वाट पाहू लागले. आठवडा, महिना, सहा महिने. भिंगरीचं पत्र नाही. मी दोनदा पत्र पाठवलं, दोन्ही न उघडता परत आली. आमच्या खालच्या मजल्यावरचा न्हावी ते साप्ताहिक घ्यायचा, त्याला विचारलं तर म्हणाला, "तुझं काही दिसलं नाही बुवा त्यात." आई म्हणाली, "तो चित्रं बघतो फक्त, त्याला काय विचारतेस." आम्हाला ते पटलं.

तिने वाचलं आणि माफ केलं नाही, असं मी धरून चालले. चूक माझीच, तक्रार कुणाकडे करणार? त्यानंतर मी गोष्ट लिहिली नाही. लिहायला बसले की शेवटापाशी हात थांबायचा.

तेविसाव्या वर्षी मला सार्वजनिक वाचनालयात नोकरी लागली. छापखाना तोवर बंद पडला होता. मालकांच्या घरच्यांनी साप्ताहिकाच्या बांधीव फायली वाचनालयाला देऊन टाकल्या. धूळ झटकून त्या कपाटात लावायचं काम माझ्याकडे आलं. माणूस काय करणार? मी माझा अंक काढला.

पहिल्या पानावरच्या बातम्या त्याच. तारीख तीच, अंकाचा क्रमांक तोच. सहाव्या पानावर गादीवाल्याची पानभर जाहिरात: 'एकदा घ्या, जन्मभर निवांत झोपा.'

मला वाटलं, बांधणाऱ्याने घोटाळा केला. मागचा अंक काढला. गादी. पुढचा काढला. गादी. दोन वर्षांच्या फायली मी जमिनीवर बसून चाळल्या. माझी आणि भिंगरीची गोष्ट होती, त्यानंतरचे सात अंक मुलांचं पान होतं, आणि मग गादीच गादी. तेवढ्या काळात 'नवी लेखणी'त आलेल्या माझ्या तीन कविता, एक प्रवासवर्णन आणि ती दुरुस्ती, यातलं काहीही नव्हतं. आणि माझ्या घरी ट्रंकेत ते सगळं छापलेलं होतं. पायाखालची वाळू सरकणे हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून दहादा लिहिला असेल. अर्थ त्या दुपारी कळला.

काका तेव्हा एका गल्लीत खोली घेऊन राहत होते. मी वाचनालयातली फाईल आणि ट्रंकेतला अंक, दोन्ही घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही सहावी पानं पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

"बस," म्हणाले.

"उभी आहे ते बरं आहे. हे काय आहे काका?"

"मालकांनी पान बंद केलं. गादीवाल्याने दीड वर्षाची जाहिरात दिली, त्याला तीच जागा हवी होती."

"मग हे कुठून आलं?"

"मी छापलं."

त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना आवाज इतका शांत, जणू यंत्राला तेल कसं घालायचं ते सांगत होते. साडेतीन हजार प्रती निघाल्या की यंत्र चालवणारा दुपारी जेवायला घरी जायचा. चार पानांची जुळणी एका लोखंडी चौकटीत आवळलेली असायची. काका ती सैल करायचे, गादी बाहेर काढायचे, आमचं आधी जुळवून ठेवलेलं पान आत बसवायचे, आणि तीस प्रती काढायचे. दर छपाईत तीसचाळीस कागद वाया जातातच, त्यांत हे खपून जायचं. त्या तीस प्रती लेखकांच्या घरी आणि शाळांत. बाकी जगाला गादी. दीड वर्ष, दर आठवड्याला.

"एकोणीस मुलं लिहीत होती," ते म्हणाले. "कार्डं घेऊन बसलो होतो. पान बंद झालं असं कळवायला. हात चालेना."

"तुम्ही माझी दुरुस्ती वाचली होती?"

"जुळवली मी ती. एकेक अक्षर."

"मग तुम्हाला माहीत होतं की ती एका मुलीने वाचायला हवी होती. एकाच. त्या तीस घरांत ती नव्हती."

ते चष्मा उचलून शर्टाच्या टोकाने पुसू लागले.

"मालकांना म्हणायचं होतं, गादीच्या खाली चार ओळी टाका. शिंप्यासाठी भांडलात ना?"

"मालकांनी विचारलं असतं, ही दुरुस्ती तुमच्याकडे आली कशी, पान तर बंद आहे. मग सगळंच बाहेर आलं असतं."

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या मुठीत माझी मान होती. चूक साडेतीन हजार घरांत गेली आणि दुरुस्ती तीस घरांत, आणि हे त्या माणसाने केलं ज्याने मला तो नियम शिकवला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. वाईट माणसाने कापला तर निदान शिव्या तरी देता येतात.

मी भिंगरीचा पत्ता शोधून काढला. चार तासांचा प्रवास करून तिच्या दारात गेले. ती शांत झाली होती, हे पाहून मला पहिला धक्का बसला. तिने पाणी दिलं, बसवलं. मी ट्रंकेतला अंक तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "हे वाच. तू गेल्यावर महिन्याभरात लिहिलं होतं."

तिने वाचलं. सावकाश, दोनदा. मग उठून आत गेली. तिच्या वडिलांना एकही अंक टाकवत नसे, सगळे वर्षावार सुतळीने बांधलेले. तिने एक गठ्ठा सोडला, हवा तो अंक काढला आणि माझ्या अंकाशेजारी उघडून ठेवला. तारीख तीच. सहावं पान. निवांत झोपा.

"एक वर्ष," ती म्हणाली, "अंक आला की मी आधी सहावं पान उघडायचे. मला वाटायचं, आज असेल. तूच म्हणायचीस ना, चूक तिथेच दुरुस्ती. बाबा चिडायचे, आधी मला वाचू दे म्हणून. वर्षभराने सोडून दिलं."

"पण ही बघ ना, आहे."

"छापखान्यात तुझी ओळख आहे. छान छापून आणलंस."

मी सगळं सांगितलं. चौकट, दुपार, तीस प्रती. सांगता सांगता मलाच ऐकू येत होतं की हे किती बनावट वाटतंय. कोण असं करतं? एवढे कष्ट घेऊन कुणी मुलांना फसवतं का? तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शेवट तुला कधीच जमला नाही." आणि माझा अंक नीट घडी करून माझ्या हातात दिला.

परत आल्या आल्या मी काकांकडे गेले. म्हटलं, माझ्याबरोबर चला, तिला तुमच्या तोंडाने सांगा. त्यांनी मान हलवली.

"एकीला सांगितलं की एकोणीस जणांना कळेल. त्यातला एक मास्तर झालाय, वर्गाच्या भिंतीवर ते पान लावलंय त्याने. एक मुलगी गेली बिचारी, अठरा वर्षांची होती. तिच्या आईकडे तेवढंच पान आहे."

"म्हणजे अठरा जणांची फसवणूक झाकण्यासाठी मी उघडी पडायचं?"

त्यांनी टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "लिहून देतो. चार ओळी. सही करून. उद्या ये, नीट लिहितो."

मी दुसऱ्या दिवशी गेले. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, पहाटेच्या गाडीने पुतण्याकडे गेले, कायमचे. मी त्या कुलपाकडे किती वेळ पाहत उभी होते कोण जाणे. स्टुलावरून उठून उभा राहणारा माणूस माझ्यापासून पळून गेला होता. पहिली फसवणूक मी एखाद वेळेस दयेच्या खाती टाकली असती. ही नाही.

तीस वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांचा पुतण्या वाचनालयात आला. काका गेले, म्हणाला, सामानात तुमच्या नावाचं एक पाकीट होतं. तिकीट लावलेलं, पत्ता माझ्या माहेरचा, टपालात कधीच न पडलेलं. आत त्यांच्या छापल्यासारख्या अक्षरात पत्र होतं. माझी दुरुस्ती त्यांना मिळाली त्याच आठवड्याची तारीख.

'लेखिकाबाईंस. आपलं पान बंद झालं आहे. तुमची दुरुस्ती इथे छापणं आता माझ्या हातात नाही. ती थांबू नये म्हणून, तुमच्या वयाच्या मुलांचं लिखाण घेणारी इतर ठिकाणं खाली देत आहे.' आणि खाली पाच पत्ते. एक त्रैमासिक, ते मुलांची पत्रं जशीच्या तशी छापतं. एक रविवारची पुरवणी, 'तिथल्या बाईंना माझं नाव सांगा.' एका शिक्षण संस्थेचं वार्षिक. एक भिंतीवरचं मासिक, पण चांगल्या चौकातलं. पाचव्यापुढे लिहिलं होतं: 'हे उशिरा उत्तर देतात, पण देतात.' प्रत्येक पत्त्याखाली काय पाठवावं, किती शब्द, कुणाच्या नावाने.

मी चौकशी केली. त्यातली चार ठिकाणं तेव्हा चालू होती. रविवारची पुरवणी भिंगरीच्या गावातही जायची.

सगळं त्यांना माहीत होतं. सगळं लिहून झालं होतं. तिकीटही लावून झालं होतं. पेटीपर्यंत चार पावलं जायचं होतं. त्याऐवजी त्यांनी ते सोपं वाटणारं काम केलं, तेच ज्यासाठी दर आठवड्याला दुपारभर राबावं लागायचं. मला ते उमगतं आणि उमगूनही राग जात नाही. माझ्याजवळ एक ओळ होती, दोन नावांची, आणि मीही तेच केलं होतं. म्हणूनही जात नसेल.

ते पत्र भिंगरीला पाठवून उपयोग नाही. त्यावर टपालाचा शिक्का नाही. ती म्हणेल, अक्षरही छान काढून आणलंस.

साप्ताहिक बंद झालं, त्यामुळे चूक झाली ती जागा आता उरली नाही. म्हणून हे इथे लिहीत आहे. शिवणाचं यंत्र चालवणाऱ्या बाईची ती गोष्ट माझी एकटीची नव्हती. शेवट भिंगरीचा होता, आणि लोकांना आवडला तो शेवटच. संपादकांना विनंती आहे की ही दुरुस्ती सगळ्या प्रतींत छापावी. मला पाठवाल त्या प्रतीत ती असेलच. मी ती उघडणार नाही. अंक निघेल त्या दिवशी चौकातल्या दुकानात जाऊन एक विकत घेईन आणि तिथेच उभी राहून पान काढून बघेन.